गाडीतला साक्षीदार

गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. सहरी आटोपून फजरच्या नमाजसाठी बाहेर पडलो, तर दारात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा आणि त्याखाली मोठा पोचा. रात्री तरावीहून परतलो तेव्हा गाडी धडधाकट होती. आमची गल्ली अरुंद. समोरच शेजारच्या चाचींच्या मुलाचा छोटा टेम्पो उभा असतो आणि भाजीसाठी तो रोज पहाटे टेम्पो काढतो. आम्हाला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. इफ्तारच्या वेळी दोन-चार घरांत आम्ही बोलून गेलो, "दुसरं कोण असणार?"

दुसऱ्या दिवशी असरपर्यंत ते शब्द चाचींच्या कानावर गेले. त्या दारात आल्या, आत आल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बेटा, तुम्हा दोघांपैकी कुणी डोळ्यांनी पाहिलंत का?" पाहिलं कुणीच नव्हतं. त्या ईदला चाचींच्या घरचा शीरखुर्मा आमच्याकडे आला नाही आणि आमचा घेऊन जायला आमचेही पाय उचलले नाहीत.

ईद झाल्यावर आम्ही गाडीत कॅमेरा बसवून घेतला. चावी काढल्यावरही जागा राहणारा, गाडीच्या बॅटरीशी कायमचा जोडलेला. आता कर्जत-नेरळकडचे नातेवाईक विचारतात की कसा बसवला, बॅटरी उतरत नाही का, पोलीस ते चित्रण धरतात का. म्हणून या वेळी त्याबद्दलच लिहितो. मात्र या कॅमेऱ्याने आम्हाला वायरींपेक्षा वेगळंही काही शिकवलं. ते सांगितल्याशिवाय ही माहिती अर्धीच राहील.

आधी गरज कशासाठी ते पाहू. आमच्या खालापूर तालुक्यातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि २००२ पासून पूर्ण सुरू झालेला द्रुतगती मार्गही जातो. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जागोजागी कॅमेरे आहेत. वेग वाढला, पट्टा बांधला नाही, मार्गिका चुकली की चलान घरी येतं. पण ती नजर धावणाऱ्या गाडीवर असते. घरगुती गाडी दिवसातला फार थोडा वेळ धावते आणि बाकी वेळ उभीच असते. खोपोलीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकल मोजक्याच आहेत, म्हणून आमच्याकडचे कितीतरी लोक गाडीने कर्जत स्टेशन गाठतात आणि दिवसभर गाडी तिथे ठेवतात. दवाखाना, शादीचा हॉल, बाजार इथेही तेच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यांकडे आणि फार्महाऊसकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ते भरतात. अशा वेळी उभ्या गाडीला कोण घासून गेलं हे कुणाला कळणार?

साधा डॅशकॅम सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावतात. बहुतेक गाड्यांत चावी काढली की तो सॉकेट बंद होतो आणि कॅमेराही बंद पडतो. उभ्या गाडीची राखण हवी असेल तर कॅमेऱ्याला फ्यूज बॉक्समधून वीज द्यावी लागते. त्यासाठी वेगळा हार्डवायर किट मिळतो. त्यात तीन वायरी असतात. एक सतत चालू असलेल्या विजेची, दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या विजेची आणि तिसरी अर्थची. दुसऱ्या वायरीमुळे कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालू आहे की उभी, आणि तो त्याप्रमाणे आपलं काम बदलतो. सहसा पिवळी सतत विजेची, लाल चावीची आणि काळी अर्थची असते, पण सगळे किट सारखे नसतात. म्हणून वायरीवरची चिठ्ठी वाचूनच जोडणी करावी. किटमधली डबी बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॅमेऱ्याला लागणारे ५ व्होल्ट करते. बॅटरी ठरलेल्या पातळीखाली गेली की ती कॅमेरा बंदही करते.

काम गाडीच्या जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं, पण मालकाने शेजारी उभं राहून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडीची मूळ वायर कुठेही कापायची किंवा सोलायची नाही. त्यासाठी फ्यूज टॅप नावाचा छोटा तुकडा मिळतो. फ्यूज काढून त्या जागी टॅप बसवायचा. टॅपमध्ये दोन घरं असतात. एकात जुना फ्यूज जातो, दुसऱ्यात कॅमेऱ्याचा कमी अँपिअरचा फ्यूज. मूळ वायर शाबूत राहिली म्हणजे पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होण्याची शक्यता कमी होते. दुसरी, एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा किंवा इंजिनाच्या संगणकाच्या फ्यूजला हात लावायचा नाही. आतल्या दिव्याचा किंवा चार्जिंग सॉकेटचा फ्यूज बरा. कोणता फ्यूज चावीशिवाय चालू राहतो हे अंदाजाने न ठरवता टेस्टर लावून पाहायचं. तिसरी, अर्थची वायर रंग नसलेल्या, थेट बॉडीला भिडलेल्या बोल्टखाली घट्ट बसली पाहिजे. ती सैल राहिली तर कॅमेरा मधूनच बंद पडतो आणि दोष कुठे आहे हे सापडता सापडत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या काचेच्या कडेचा जो खांब असतो, त्यात अनेक गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. कॅमेऱ्याची वायर तिच्या मागून न्यावी, पुढून कधीच नाही. एअरबॅग उघडताना वायर आडवी आली तर जीव वाचवणारी वस्तूच घात करू शकते. मिस्त्री घाईत असेल आणि वायर नुसती खांबाच्या फटीत कोंबत असेल, तर त्याला थांबवायला संकोच करू नये. कॅमेरा आरशामागे बसवावा. तो चालवणाऱ्याच्या नजरेआड येता कामा नये आणि वायपर फिरतो त्याच भागात हवा. आमच्याकडच्या पावसात वायपर न पोहोचणाऱ्या काचेतून काहीच दिसत नाही.

आता बॅटरीचा हिशेब. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. पुढचा-मागचा मिळून कॅमेरा सुमारे ०.३ अँपिअर घेतो असं धरू. रात्रीच्या १२ तासांत ३.६ अँपिअर-तास गेले, पूर्ण दिवस-रात्रीत सात. म्हणजे अडीच दिवसांत अर्धी बॅटरी संपली. बॅटरी जुनी असेल तर त्याहून लवकर. किटवर बंद होण्याची पातळी ठरवता येते. विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आम्ही हौसेने ११.८ वर ठेवलं होतं, जास्त वेळ चित्रण व्हावं म्हणून. पहिल्याच महिन्यात कर्जत स्टेशनजवळ तीन दिवस गाडी ठेवून मुंबईला गेलो. परतलो तर चावी फिरवल्यावर नुसता टक-टक आवाज. रात्री अकरा वाजता एका रिक्षावाल्या भाईंनी त्यांच्या ओळखीची गाडी आणून केबल जोडून दिली, तेव्हा घरी पोहोचलो. आता पातळी १२.२ वर आहे, आणि दोन दिवसांहून जास्त गाडी ठेवायची असेल तर कॅमेरा बंद करूनच निघतो. ज्यांची गाडी रोज फक्त बाजारापर्यंत पाच मिनिटं चालते त्यांनीही सांभाळावं. तेवढ्यात रात्रीचा खर्च भरून निघत नाही.

उभ्या गाडीत कॅमेरा तीन तऱ्हांनी काम करतो. गाडीला धक्का बसला तरच जागा होऊन चित्रण करणं ही एक. समोर काही हललं की चित्रण करणं ही दुसरी. आणि थोड्या-थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहणं ही तिसरी. दुकानदार सहसा दुसरी सुरू करून देतात, कारण तिच्यात जास्त दिसतं. याविषयी पुढे सांगतो.

घेताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. ज्या कॅमेऱ्यात लिथियम बॅटरी असते ती अशा उष्णतेत फुगते, म्हणून सुपरकपॅसिटर असलेला घ्यावा. दुसरं म्हणजे कार्ड. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहिणं-पुसणं सोसत नाही. त्यासाठी जास्त टिकणारं, हाय एंड्युरन्स लिहिलेलं कार्ड मिळतं. ६४ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचं साधारण आठ-दहा तासांचं चित्रण मावतं आणि मग जुनं आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. म्हणजे काही घडलं तर ते त्याच दिवशी उतरवून घ्यायला हवं. आठवड्याने पाहू म्हटलं तर हाती काही लागत नाही. आणि पावसाळ्यात उंदीर उबेला गाडीत शिरतात. महिन्यातून एकदा वायरींवर नजर टाकलेली बरी.

कॅमेरा बसवून आठवडाही झाला नव्हता, तोच चाची पुन्हा दारात आल्या. या वेळीही बाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आधी तोहमत लावलीत. आता चोवीस तास आमच्या ओट्यावर डोळा लावलात. माझ्या सुना दुपारी इथे बसून तांदूळ निवडतात. त्यांनी आता आत बसायचं का?"

आम्ही कार्ड काढून पाहिलं. चाचींचं म्हणणं खरं होतं. कॅमेरा हालचालीवर चालणारा. गाडीचं तोंड त्यांच्या ओट्याकडे. पाच दिवसांत गाडीजवळ कुणी फिरकलंही नव्हतं, पण ओट्यावर येणं-जाणं, केस विंचरणं, लेकराला पाजायला आत नेणं, शेजारणींचं बोलणं हे सगळं तुकड्यातुकड्यांनी साठलं होतं. चार पावलांवरचे आवाजही त्यात होते. आम्हाला आमच्या दाराचा पहारा हवा होता आणि आम्ही दुसऱ्याच्या घरावर नजर ठेवून बसलो होतो.

सूरह हुजुरातच्या एकाच आयतीत तीन गोष्टींपासून दूर राहायला सांगितलं आहे. अवाजवी संशय, दुसऱ्याच्या गुपितांचा शोध आणि पाठीमागे केलेली निंदा. ही आयत आम्ही किती वेळा ऐकली असेल. पण एका ओरखड्यापायी तिन्ही गोष्टी आमच्याच हातून, त्याच क्रमाने नाही तरी, घडल्या हे त्या संध्याकाळी कळलं. संशय घेतला, चार घरांत बोललो, आणि मग कॅमेरा लावून डोकावलो. देशाचा कायदाही याबाबत गाफील नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं आहे.

आम्ही चाचींसमोरच सगळं चित्रण पुसलं. गल्लीत गाडी उलटी लावायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे राहतं. मागचा कॅमेरा घरी असताना बंद असतो. तऱ्हा बदलून फक्त धक्क्यावर जागी होणारी ठेवली. त्यामुळे बॅटरीचा खर्चही कमी झाला. माइक कायमचा बंद केला, कारण गाडीत बसणाऱ्या पाहुण्यांचं बोलणं ही त्यांची अमानत आहे. मोबाइलवरून कॅमेऱ्याला जोडण्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. दुकानातून आलेला तसाच ठेवला तर आसपासचा कुणीही जाणकार आपलं चित्रण पाहू शकतो.

आता कायद्याचं. मोबाइलवर उतरवलेली क्लिप दाखवली की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलाच खटला माहीत असावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले आणि पराभूत झालेले कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. मुद्दा असा होता की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण हा मोठा पुरावा होता, पण त्यासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की नक्कल हजर करायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्या यंत्रात मूळ नोंद झाली ते यंत्रच मालकाने न्यायालयात आणून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे.

घरगुती माणसाने यातून काय घ्यायचं? काही घडलं तर मूळ कार्ड काढून पाकिटात घालून ठेवायचं, त्यावर तारीख लिहायची आणि कॅमेऱ्यात दुसरं कार्ड टाकायचं. नक्कल पोलिसांना आणि विमा कंपनीला द्यायची. क्लिप कापायची नाही, तिच्यावर काही लिहायचं नाही. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ दर महिन्याला तपासायचं. जालन्याच्या त्या खटल्यात सगळा वाद घड्याळातल्या वेळेचाच होता. आपल्या कॅमेऱ्यावर चुकीचं वर्ष छापलं जात असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. अपघातात माणूस जखमी झाला असेल तर गाडीचा नंबर मिळण्याला फार मोल आहे. पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर २०२२ च्या सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. गाडी सापडली तर तिच्या विम्याकडून योग्य भरपाई मागता येते. पण अशी क्लिप पोलिसांकडे द्यावी, मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नये. एकदा तिथे गेलेला चेहरा परत घेता येत नाही, मग तो माणूस निर्दोष निघाला तरी.

हे सगळं आम्ही शिकलो ते दुसऱ्यांविरुद्धच्या साक्षीसाठी. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने पहिली साक्ष दिली ती आमच्याच विरुद्ध.

मे महिन्यात आमचा मुलगा कर्जतला गाडी घेऊन गेला होता. नुकताच शिकलेला. रात्री आम्हाला मागच्या बंपरवर काळसर, चिकट डाग दिसले. विचारलं तर म्हणाला, काही नाही. कार्ड काढून पाहिलं. बाजाराजवळ तो गाडी मागे घेतो, रस्त्याच्या कडेला करवंदांची टोपली घेऊन बसलेल्या आदिवासी मावशी घाईने उठतात, टोपली काचेखाली दिसेनाशी होते. गाडी पुढे निघते. शेवटच्या काही क्षणांत मावशी रस्त्यावर वाकून करवंदं वेचताना दिसतात.

मुलाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पुसून टाकू या ना. कुणाला काय कळणार आहे?"

खरं सांगतो, त्या एका क्षणी आम्हालाही ते सोपं वाटलं. टोपलीभर करवंदं, कोण विचारणार? पण आदल्याच महिन्यात न पाहिलेल्या ओरखड्यासाठी आम्ही एका पोराला चार घरांत आरोपी केलं होतं. आता डोळ्यांनी पाहिलेलं पुसायचं? सूरह निसामध्ये न्यायाच्या बाजूने साक्ष द्यायची आज्ञा आहे, ती स्वतःच्या किंवा रक्ताच्या नात्याच्या विरुद्ध गेली तरी. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ही फक्त माणूस जखमी झाला तरच लागू होतं असं नाही. दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं तरी चालकावर जबाबदारी येते. तिथे पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आधी ठाण्यात गेलो, मग बाजारात. मावशी तिथे नव्हत्या. तिसऱ्या दिवशी भेटल्या. मुलाने स्वतः सांगितलं आणि माफी मागितली. मावशींनी टोपलीचे आणि मालाचे पैसे सांगितले, तेवढेच घेतले. वर म्हणाल्या, "पोरा, पाठी बघून गाडी घे. टोपलीच्या जागी माझा नातू बसलेला असतो कधी कधी." घरी येईपर्यंत मुलगा गप्प होता. आम्हीही.

त्याच रात्री इशानंतर आम्ही चाचींच्या घरी गेलो. ओरखडा कुणी काढला ते आम्हाला आजही माहीत नाही आणि आता कळणारही नाही. न पाहता बोललो याची माफी मागितली. ज्या चार घरांत बोललो होतो तिथे जाऊन, आमची चूक झाली, हेही सांगितलं. चाचींनी चहा केला. त्यांचा मुलगा अजून दुरूनच सलाम करतो. त्याला वेळ लागेल, आणि ती मुदत ठरवायचा हक्क आमचा नाही. मुलाच्या गाडी चालवण्यात मात्र फरक पडला आहे. मागे घेण्याआधी तो उतरून पाहतो.

दारावरचा ओरखडा आम्ही अजून रंगवून घेतलेला नाही. गाडीत कॅमेरा जरूर बसवा. बसवल्यावर एकदा शेजाऱ्यांना बोलावून त्यात काय काय दिसतं ते दाखवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की यात आपली चूक दिसली तरी ती पुसली जाणार नाही. अल्लाह आपल्या सगळ्यांना खरी साक्ष देण्याची आणि इतरांच्या उंबरठ्याचा मान राखण्याची तौफीक देवो. आमीन.